खांदा पाठीमागून बघा

श्रोतेहो, नमस्कार. खांदा दुखतो म्हणून कुणी तपासायला आलं, की मी आधी शर्ट काढून पाठ माझ्याकडे करायला सांगतो. पुष्कळांना नवल वाटतं. पण आपला फरा, म्हणजे पाठीवरचं ते तिकोनी हाड, मागेच असतो. बरगड्यांशी त्याचा हाडाचा सांधा नाही; 17 स्नायू त्याला धरून असतात. त्यातल्या एका मोठ्या स्नायूची नस दुखावली तरी तोल बिघडतो आणि हात वर जाईनासा होतो.

अशा वेळी खांद्याच्या सांध्याचा एमआरआय चांगला येऊ शकतो. मग खांदा आखडलाय असं समजून महिनोन्महिने शेक चालू राहतो. याचं फार वाईट वाटतं, कारण तपासणी साधी आहे. दोन्ही तळवे भिंतीला टेकवून भिंत ढकलायची. एका बाजूचा फरा पंखासारखा उचलला, त्याच्या आतल्या कडेखाली बोटं शिरायला लागली, तर सेरेटस स्नायूची, म्हणजे फऱ्याला बरगड्यांशी धरून ठेवणाऱ्या स्नायूची, नस दुखावलेली असावी. जड ओझं, जोराचा हिसका, कधी विषाणूंच्या आजारानंतरची नसेची सूज, अशी कारणं असतात. नसेची तपासणी, ईएमजी, साधारण तीन आठवड्यांनी करावी. त्याआधी दोष दिसेलच असं नाही. ही नस बऱ्याचदा वर्ष-दोन वर्षांत आपोआप सुधारते. तोवर हात डोक्याच्या वर नेऊन वजन उचलायचं नाही, सांधा मात्र आखडू द्यायचा नाही. नाहीच सुधारली, तर छातीच्या स्नायूचा भाग फऱ्याला जोडण्याची शस्त्रक्रिया असते.

मानेची गाठ काढल्यावर खांदा खाली उतरला, तर मात्र थांबू नका. खांदा उचलून धरणाऱ्या स्नायूची नस मानेत कातडीखाली अगदी वरवर असते. कापली गेली असेल तर पहिल्या काही महिन्यांतच जोडलेली बरी. आणि दोन्ही फरे उचललेले, शिट्टी वाजवता येत नाही, झोपेत डोळे पुरते मिटत नाहीत, असं असेल तर तो आनुवंशिक स्नायुविकार असू शकतो. तेव्हा घरातल्या इतरांचीही विचारपूस करावी लागते.

हात हलवताना फऱ्याखाली कटकट वाजते आणि दुखतं, त्यात बहुतेकदा व्यायामानेच आराम पडतो. क्वचित तिथे हाडाची गाठ निघते, ती सीटी स्कॅनमध्ये दिसते.

डॉक्टरांकडे जाताना एक करा. घरातल्या कुणाला तरी मागे उभं करून मोबाईलवर चित्रण घ्या: उघडी पाठ, दोन्ही हात सावकाश वर, आणि त्याहून सावकाश खाली. फरा बऱ्याचदा हात खाली येतानाच उचलतो.