उक्तं काम आणि माझी ट्रंक

नमस्कार श्रोतेहो. घरकामाचे पैसे तासावर द्यावेत की काम उक्तं द्यावं, यावर आज बोलायचंय.

आमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशींना मी बरीच वर्षं तासावर पैसे देत होते. वाटायचं, तास म्हणजे चोख हिशेब. एकदा त्याच म्हणाल्या, "ताई, हात भराभर चालवला तर माझेच पैसे कमी होतात. रेंगाळले तर वाढतात. हे बरं दिसतं का?" इतक्या वर्षांत माझ्या हे डोक्यातच आलं नव्हतं.

मग माळा आवरायचं काम उक्तं ठरलं. वेळ कितीही लागो, रक्कम तीच. मी खूश, घड्याळाकडे बघायला नको! मावशी शिडीवर चढल्या, पहिली ट्रंक खाली दिली. ती उघडली आणि मी तिथेच फरशीवर बसकण मारली. जुनी पत्रं, मुलाचा पहिला स्वेटर, एका काडीचा चष्मा. एकेक हातात घ्यायचं, ठेवू की टाकू, ठेवू की टाकू. वर मावशी दुसरी ट्रंक अर्धी बाहेर ओढून, तिला खांदा लावून उभ्या. (मिक्सरची रिकामी खोकी जपणारी माणसं मला कधी कळलीच नाहीत. मिक्सर भंगारात गेला तरी खोकं माळ्यावर! आमच्याकडे तशी चार निघाली. सगळी ह्यांची.)

तासाभराने वरून आवाज आला, "ताई, मी माळा उक्ता घेतलाय. तुमची पत्रं नाही."

आधी हसू आलं, मग ओशाळले. तासावर असत्या, तर माझं रेंगाळणं माझ्या पैशांनी झालं असतं. आता ते त्यांच्या पैशांनी चाललं होतं. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचा घरकामगारांसाठी 2011 सालचा 189 क्रमांकाचा करार आहे. हाकेला ओ द्यायला अडकून राहिलेला वेळही, त्या त्या देशाच्या कायद्यानुसार, कामाचाच धरावा असं तो म्हणतो. शिडीवरचं ताटकळणं त्यात बसतं का, ते वकील सांगतील. मी त्या तासाचे वेगळे पैसे दिले.

तेव्हा उक्तं ठरवताना काम कुठे संपतं ते आधी बोलून घ्या. पुन्हा सांगते, कुठे संपतं ते. खिडक्या म्हणजे नुसत्या काचा, की जाळ्या आणि गजही? काढलेला पसारा परत लावायचा कुणी? आणि "जाता जाता जरा एवढं" यातला तो 'जरा' उक्त्यात नसतो, त्याचे पैसे वेगळे. मूल सांभाळणं, आजारी माणसापाशी बसणं मात्र तासावरच द्या. तिथे वेळ देणं हेच काम असतं.

यंदा पुन्हा माळा काढायचाय. मावशींनी रक्कम सांगितली आणि विचारलं, "ट्रंका तुम्ही आदल्या दिवशी बघून ठेवणार ना?" हो म्हटलंय. एक अजून उघडायची राहिली आहे.