आरव्हीची सवलत-वर्गणी वसूल होते का? हिशेब मांडून बघू

नमस्कार मंडळी. अमेरिकेत आरव्ही, म्हणजे राहण्याची सोय असलेली गाडी, भाड्याने घेऊन, किंवा स्वतःची घेऊन, भटकायला निघणारी बरीच मराठी कुटुंबं आहेत. कॅम्पग्राउंडची बुकिंगं करायला बसलं की एक प्रश्न हमखास समोर येतो: हे सवलतीचं सभासदत्व घ्यायचं का? निम्म्या दरात राहा, दहा टक्के सूट मिळवा, फुकट मुक्काम करा. आज आपण फक्त एवढंच बघू, की वर्षाची वर्गणी कोणाची वसूल होते आणि कोणाची नाही.

आधी मोजायचं कसं ते. दरपत्रकातल्या आकड्यावरून सवलत मोजू नका. सभासदत्व नसतं तर त्या रात्री तुम्ही कुठे राहिला असता, तिथलं भाडं धरा. समजा, ५० डॉलरची जागा तुम्हाला २५ ला मिळाली. पण जवळच्याच स्टेट पार्कमध्ये वीज-पाण्याची जोडणी असलेली जागा ३० ला मिळत होती. मग तुमचे वाचले ५ डॉलर. पंचवीस नाहीत.

आता पासपोर्ट अमेरिका नावाच्या सवलत-कार्डाचं उदाहरण घ्या. सभासद असलेल्या कॅम्पग्राउंडवर एका रात्रीच्या भाड्यात ५० टक्के सूट. वर्गणी वर्षाला ५० डॉलर धरू. म्हणजे ५० डॉलरच्या जागेवर दोन रात्रीत पैसे वसूल, असं वाटतं. पण प्रत्येक कॅम्पग्राउंडच्या नोंदीखाली बारीक अक्षरात अटी असतात, आणि खरा खेळ तिथे आहे. शुक्रवार-शनिवार सूट नाही. सणासुदीच्या सुट्ट्यांना नाही. हंगामात नाही. कुठे एकच रात्र, कुठे दोन. कुठे आगाऊ बुकिंगच नाही, येऊन जागा असेल तर घ्या. शाळेला सुट्टी असताना प्रवास करणाऱ्या कुटुंबाच्या तारखा नेमक्या याच अटींत अडकतात.

दुसरी अडचण वाकड्या वाटेची. हे उदाहरण नीट बघा. [स्क्रीनवर आकडे एकेक करून येतात] भाड्याची मोटरहोम आहे, गॅलनला १० मैल देते. सवलतीचं कॅम्पग्राउंड तुमच्या रस्त्यापासून २० मैल आत आहे. जाऊन-येऊन ४० मैल, म्हणजे ४ गॅलन. गॅलनला साडेतीन डॉलर धरले तर १४ डॉलरचं इंधन. आरव्ही भाड्याने देणाऱ्या बऱ्याच कंपन्या मैलामागे वेगळे पैसे लावतात. ३५ सेंट धरले तर ४० मैलांचे आणखी १४. एकूण खर्च २८ डॉलर, आणि सूट मिळाली २५ ची. तीन डॉलर खिशातून गेले, वर तासभर मोडला आणि अंधार पडल्यावर अनोळखी जागेत पंचवीस फुटी गाडी रिव्हर्स घ्यावी लागली. स्वतःची गाडी असेल तर मैलाचे पैसे नाहीत, मग ११ डॉलर उरतात. म्हणून यादी बघताना आधी नकाशा उघडायचा आणि आपल्या रस्त्यापासून पाच-सात मैलांच्या आतलीच नावं धरायची.

केओए या कॅम्पग्राउंडच्या साखळीचा हिशेब साधा आहे. सूट १० टक्के. भाडं ६० डॉलर असेल तर रात्रीला ६ वाचतात. वर्गणी ३६ धरली तर सहा रात्री राहिल्यावर बरोबरी होते, त्यापुढे नफा. गुड सॅम या आरव्ही क्लबची सूटही साधारण दहा टक्क्यांच्या घरातलीच, त्यामुळे तोच हिशेब तिथे चालवा. मात्र एकाच मुक्कामावर दोन कार्डांची सूट सहसा लागत नाही. दोन्ही घेऊन दुप्पट फायदा होईल हे मनातून काढून टाका.

आता आपल्याकडची नेहमीची सहल बघू: लास व्हेगास, झायन, ब्राइस, पेज हे गाव, ग्रँड कॅन्यन आणि परत. सात रात्री. त्यातल्या चार रात्री राष्ट्रीय उद्यानांच्या आतल्या कॅम्पग्राउंडवर काढायच्या असतील, तर तिथे वरचं एकही खासगी कार्ड चालत नाही. उरल्या तीन. तिन्ही केओएमध्ये काढल्या तरी वाचले १८ डॉलर आणि वर्गणी गेली ३६. एका आठवड्याच्या सुट्टीसाठी यातलं काही घेऊ नका, हे माझं स्पष्ट मत आहे.

मग वसूल कोणाची होते? निवृत्त जोडपं, घरून काम करणारे, हंगाम सोडून सोमवार ते गुरुवार हिंडणारे. एका जागी दोन रात्री थांबून दीडशे मैलच पुढे जाणारे. यांना निम्म्या दराचं कार्ड दहा-पंधरा रात्री वापरता येतं, आणि तिथे ते सोन्यासारखं आहे.

हार्वेस्ट होस्ट्सची गोष्ट निराळी. शेतं, वायनरी, ब्रुअरी अशा ठिकाणी एक रात्र गाडी उभी करायला देतात, जागेचं भाडं नाही. यजमानाकडून साधारण ३० डॉलरची खरेदी करावी अशी अपेक्षा असते. म्हणजे मुक्काम फुकट नाही, त्या पैशांत चीज, मध किंवा वाइन घरी येते. तुम्ही ते एरवीही घेतलं असतं तर छान. पण वीज-पाण्याची जोडणी बहुतेक ठिकाणी नसते, आणि गाडीत स्वतःचा संडास व सांडपाण्याची टाकी असायलाच हवी. तंबू चालत नाही. जुलैत ॲरिझोनाच्या उन्हात विजेच्या जोडणीशिवाय एसी चालवायचा तर जनरेटर लागतो, आणि तो लावायचा की नाही हे यजमानाला आधी विचारावं लागतं. लहान मुलं किंवा आजी-आजोबा बरोबर असतील तर उन्हाळ्यात हा बेत करू नका.

थाउजंड ट्रेल्स या कॅम्पग्राउंडच्या साखळीचं सभासदत्व हा मोठ्या रकमेचा मामला आहे. एका विभागाच्या पासला ७०० डॉलर धरले आणि रात्रीला ३५ वाचले, तर वीस रात्री राहावं लागतं. मुक्कामाचा ठळक नियम असा की चौदा रात्री राहिलात की सात रात्री बाहेर काढायच्या. त्या सात रात्रींचं भाडंही हिशेबात धरा, लोक तेच विसरतात. त्यांच्या जागा किनारपट्टीच्या राज्यांत आणि टेक्सासमध्ये दाट आहेत, रॉकी पर्वताच्या बाजूला फार थोड्या. विक्रीच्या बैठकीत हजारो डॉलरचं वरच्या श्रेणीचं सभासदत्व पुढे केलं, तर त्या दिवशी सही करू नका. करार घरी आणा आणि दोन गोष्टी शोधा: वार्षिक शुल्क दरवर्षी किती वाढू शकतं, आणि सभासदत्व सोडायचं कसं.

आता यादीतली माझ्या मते सगळ्यात फायद्याची गोष्ट, आणि ती खासगी कार्डच नाही. आई-वडील अमेरिकेचे नागरिक किंवा ग्रीन कार्डधारक असतील आणि वय ६२ पूर्ण असेल, तर त्यांच्या नावाने केंद्र सरकारचा सीनियर पास निघतो. एकदाच ८० डॉलर, आयुष्यभरासाठी. किंवा वर्षाला २०, आणि असे चार वार्षिक पास साठले की बदल्यात आजीवन पास मिळतो. राष्ट्रीय उद्यानांचा प्रवेश तर होतोच, शिवाय फॉरेस्ट सर्व्हिस (सरकारी वनखातं) आणि आर्मी कोअर ऑफ इंजिनिअर्स (लष्कराचं अभियंता दल) यांच्या बऱ्याच कॅम्पग्राउंडवर निम्मं भाडं. कोअरच्या जागा बहुधा धरणांच्या जलाशयांकाठी असतात आणि कित्येक ठिकाणी विजेची जोडणीही असते. ३० च्या जागी १५ दिले तर सहाव्या रात्रीच ८० डॉलर वसूल.

लोक चुकतात ते इथे. पास ज्याचा, ती व्यक्ती मुक्कामाला हजर हवी. बाबा न्यू जर्सीत आणि मुलगा त्यांच्या पास नंबरावर टेनेसीत, असं चालत नाही. सूट एकाच जागेवर मिळते, शेजारची दुसरी जागा पूर्ण दराने. वीज-पाण्याच्या जादा आकारावर काही ठिकाणी सूट लागत नाही. उद्यानातलं कॅम्पग्राउंड ठेकेदाराकडे असेल तर सूट आहे का ते आधी विचारा. आणि व्हिजिटर व्हिसावर आलेल्या आई-वडिलांना हा पास मिळत नाही. रिक्रिएशन डॉट गव्ह या सरकारी वेबसाइटवर बुकिंग करताना पैसे भरायच्या आधी पासचा प्रकार निवडून नंबर टाकायचा, आणि पास व ओळखपत्र बरोबर न्यायचं.

खासगी कार्ड घ्यायचंच असेल तर आधी पैसे भरू नका. कॅम्पग्राउंडला फोन लावा. या तारखेला सवलतीची जागा आहे का, किती रात्री, ५० अँपच्या (जास्त क्षमतेच्या) वीजजोडणीचे वेगळे किती, कर धरून एकूण किती आणि बुकिंग रद्द केलं तर किती कापता, हे विचारा. पाचही उत्तरं तारखेसकट लिहून ठेवा. अशा तीन-चार फोननंतर वर्गणीच्या दुप्पट बचत दिसली तर घ्या. बऱ्याच ठिकाणी सभासदत्व कॅम्पग्राउंडच्या काउंटरवरच मिळतं आणि त्याच रात्रीपासून लागू होतं. ऑनलाइन घेतलंत तर त्याच बैठकीत खात्यात जाऊन ऑटो रिन्यूअल बंद करा.