व्हॉल्व्ह ॲम्प्लिफायर सुरू करताना

व्हॉल्व्ह, म्हणजे काचेच्या निर्वात नळ्या, वापरणाऱ्या ॲम्प्लिफायरचे बटण दाबले की लगेच आवाज येत नाही. अर्धा-पाऊण मिनिट शांततेत जाते आणि ऐकणाऱ्याला वाटते की यंत्र नुसते तापते आहे. प्रत्यक्षात या वेळात आतला एकेक भाग आपापल्या गतीने कामाला लागत असतो आणि त्यांच्यातले वेळेचे गणित चुकले, तर महागडे भाग जळू शकतात.

व्हॉल्व्हच्या काचेच्या आत तळाशी दिसणारी नारिंगी रेषा म्हणजे हीटर. बहुतेक व्हॉल्व्हचा हीटर अवघ्या ६.३ व्होल्टवर चालतो. मात्र थंड तारेचा रोध तापलेल्या तारेपेक्षा कितीतरी कमी असल्यामुळे सुरुवातीला तिच्यातून नेहमीच्या अनेक पट प्रवाह धावतो. हीटरभोवतीच्या कॅथोडवर बेरियम आणि स्ट्रॉन्शियमच्या ऑक्साइडांचा लेप असतो. तो सुमारे ७०० ते ८०० अंश सेल्सिअसपर्यंत तापल्यावरच पुरेसे इलेक्ट्रॉन बाहेर पडू लागतात आणि ॲनोड, म्हणजे बाहेरचा धातूचा पत्रा, त्यांना ओढून घेतो. पॉवर ॲम्पमध्ये (स्पीकर चालवणाऱ्या ॲम्प्लिफायरमध्ये) या ॲनोडवर साधारणपणे अडीचशे ते पाचशे व्होल्टचा डीसी दाब असतो, आणि हा दाब जीवघेणा आहे.

एसीचे डीसी करणाऱ्या भागाला रेक्टिफायर म्हणतात. जीझेड ३४ सारखा व्हॉल्व्ह रेक्टिफायर स्वतःच सावकाश तापत असल्यामुळे हा दाब हळूहळू चढतो. त्याजागी सिलिकॉन डायोड असतील तर तो क्षणात येतो, आणि व्हॉल्व्ह अजून थंड असल्याने प्रवाह कोणीच घेत नाही. परिणामी वीज साठवणाऱ्या कपॅसिटरवरचा दाब काही सेकंद नेहमीपेक्षा बराच वर जातो. म्हणूनच कपॅसिटर बदलताना नव्याची दाब पेलण्याची क्षमता ठरवण्यासाठी चालू स्थितीत मोजलेल्या आकड्यावर विसंबू नये.

बटण दाबण्यापूर्वी सर्वांत महत्त्वाची तपासणी स्पीकरच्या तारांची आहे. स्पीकर जोडलेला नसताना व्हॉल्व्ह पॉवर ॲम्पला सिग्नल मिळाला, तर व्हॉल्व्ह आणि स्पीकर यांच्यामधल्या आउटपुट ट्रान्सफॉर्मरच्या प्रायमरी (व्हॉल्व्हकडच्या) वेटोळ्यात इतका दाब उसळू शकतो की आतले इन्सुलेशन फुटते आणि व्हॉल्व्हच्या सॉकेटमध्ये ठिणग्या पडतात. हा ट्रान्सफॉर्मर सहज बदलता येण्याजोगा भाग नव्हे. याशिवाय व्हॉल्व्ह सॉकेटमध्ये पूर्ण बसले आहेत, अर्थिंगची तार शाबूत आहे, फ्यूज सांगितलेल्या क्षमतेचाच आहे आणि व्होल्टेज निवडण्याची खूण घरातल्या पुरवठ्याशी जुळते, एवढे पाहून घ्यावे.

आवाजाचे बटण शून्यावर ठेवून आधी प्लेअर, मग प्रीॲम्प (पॉवर ॲम्पच्या आधीचा, सिग्नल तयार करणारा टप्पा) आणि साधारण मिनिटभराने पॉवर ॲम्प सुरू करावा. व्हॉल्व्ह प्रीॲम्प तापत असताना त्याच्या आउटपुटवरचा दाब हेलकावे खातो. पॉवर ॲम्प आधीच जागा असेल, तर तोच धक्का स्पीकरच्या कोनला बसतो. बंद करताना क्रम उलटा असतो: पॉवर ॲम्प सर्वांत आधी. बंद केलेला ॲम्प लगेच पुन्हा सुरू करणेही टाळावे, कारण कॅथोड अजून तापलेले असल्याने रेक्टिफायरवर एकदम भार येतो. काही उपकरणांना स्टँडबाय असते, म्हणजे हीटर तापलेले पण व्हॉल्व्हमधला प्रवाह थांबलेला. आमच्या मते तासन्‌तास त्या स्थितीत ॲम्प ठेवण्यापेक्षा तो बंद करणे बरे, कारण प्रवाहाविना तापत राहिलेल्या कॅथोडची क्षमता घटत जाते.

अनेक वर्षे बंद पडून राहिलेल्या ॲम्पला मात्र वेगळी वागणूक द्यावी लागते. इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरमधल्या ॲल्युमिनियमच्या पत्र्यावर ऑक्साइडचा अतिशय पातळ थर असतो आणि तोच सगळा दाब पेलतो. वापर थांबला की हा थर कमजोर होत जातो. अशा कपॅसिटरला एकदम पूर्ण दाब दिला, तर गळती वाढते, तो आतून तापतो आणि फुटतोही. व्हेरिॲकच्या (पुरवठ्याचा दाब कमी-जास्त करणाऱ्या ट्रान्सफॉर्मरच्या) साहाय्याने काही तासांत टप्प्याटप्प्याने दाब वाढवल्यास थर पुन्हा बांधला जाऊ शकतो. तरीही फुगलेला किंवा पाझरलेला कपॅसिटर सरळ बदलावा. येथे एक अडचण अनेकांच्या ध्यानात येत नाही: कमी दाबावर व्हॉल्व्ह रेक्टिफायरचा हीटरच पुरेसा तापत नाही, त्यामुळे कपॅसिटरपर्यंत काही पोहोचत नाही आणि पुढे दाब एकाएकी येतो. म्हणून जाणकार या कामापुरते तेथे सिलिकॉन डायोड लावतात.

व्हेरिॲक नसेल तर ॲम्पच्या वीजपुरवठ्याच्या वाटेत सिरीजमध्ये साठ ते शंभर वॅटचा फिलामेंटचा बल्ब जोडावा. एलईडी येथे चालत नाही. बल्ब क्षणभर उजळून मंदावला तर ते चांगले लक्षण समजावे. तो प्रखरच राहिला, तर आत शॉर्ट असण्याची शक्यता मोठी आहे. ही जोडणी तात्पुरती तपासणीसाठी आहे, संगीत ऐकण्यासाठी नाही.

पूर्ण पुरवठ्यावर आल्यानंतर पहिली दहा-पंधरा मिनिटे ॲम्पपासून हलू नये. या वेळात व्हॉल्व्हकडे जवळून पाहावे: हीटरची नारिंगी झाक ठीक आहे, पण बाहेरचा करडा पत्रा, म्हणजे ॲनोड, लालसर दिसू लागला तर तत्क्षणी पुरवठा तोडावा. ईएल ३४ या पॉवर व्हॉल्व्हचा ॲनोड जास्तीत जास्त पंचवीस वॅट उष्णता सोसतो. बायस (व्हॉल्व्हमधला प्रवाह ठरवणारा दाब) बिघडला किंवा टप्प्यांना जोडणाऱ्या जुन्या कपलिंग कपॅसिटरमधून ग्रिडवर (प्रवाह नियंत्रित करणाऱ्या जाळीवर) दाब झिरपू लागला, की ही मर्यादा सहज ओलांडली जाते. काचेच्या आतल्या बाजूला दिसणारी निळसर आभा बहुधा निरुपद्रवी असते. काचेच्या आत उरलेला वायू शोषण्यासाठी असलेला चंदेरी डाग पांढरा पडलेला दिसला, तर आत हवा शिरली आहे आणि तो व्हॉल्व्ह लावूच नये.

बंद केल्यानंतरही कपॅसिटरमध्ये प्राणघातक दाब शिल्लक राहू शकतो. तळाचा पत्रा उघडणे भागच असेल, तर प्लग काढून काही मिनिटे थांबावे, एक हात उपकरणापासून दूर ठेवावा आणि प्रत्येक मोठ्या कपॅसिटरवरचा डीसी दाब मल्टिमीटरने मोजावा. दाब उरला असेल तर स्क्रूड्रायव्हरने शॉर्ट न करता, योग्य क्षमतेच्या इन्सुलेटेड रेझिस्टरमधून तो उतरवावा आणि पुन्हा मोजून पाहावे.