ब्रोकोली चिरली की लगेच फोडणीत टाकू नका

नमस्कार मंडळी! परवा साताऱ्यात राजवाड्याजवळ भाजी घेत होतो. शेजारच्या काकूंनी एक गड्डा उचलला आणि विचारलं, "मावशी, हा फ्लॉवर हिरवा का पडलाय?" मावशी म्हणाल्या, "त्याची जातच तशी हाय. न्या की!"

मावशी फार चुकल्या नाहीत बरं का. कोबी, फ्लॉवर, नवलकोल आणि ब्रोकोली, सगळ्यांची प्रजाती एकच, ब्रासिका ओलेरेशिया. शेतकऱ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या निवड करून कुणाची पानं वाढवली, कुणाचं खोड फुगवलं. ब्रोकोलीत आपण खातो त्या कळ्या.

(गड्डा कॅमेऱ्याजवळ) हे बारीक दाणे दिसतात ना? या न उमललेल्या कळ्या. बाहेर राहिली की त्या फुलायला लागतात, गड्डा पिवळा पडतो. म्हणून घेताना गच्च, गडद हिरवा बघून घ्या.

शंभर ग्रॅम कच्च्या ब्रोकोलीत सुमारे 89 मिलिग्रॅम क जीवनसत्त्व असतं, संत्र्यापेक्षा जास्त. पण ते पाण्यात उतरतं. भरपूर पाण्यात उकळून पाणी ओतून दिलंत, तर चांगला भाग मोरीत गेला! वर तो गंधकाचा वास घरभर. तीन-चार मिनिटं वाफवा, बास.

आता खरी गंमत. ब्रोकोली चिरली की पेशी फुटतात, आतलं मायरोसिनेज नावाचं एन्झाइम कामाला लागतं आणि सल्फोराफेन नावाचं गंधकयुक्त द्रव्य तयार होतं. संशोधकांना रस आहे तो याच्यात. (कॅन्सर बरा होतो वगैरे फॉरवर्ड येतात, त्यांच्या नादी लागू नका.) जास्त आचेवर हे एन्झाइम मरतं, म्हणून चिरून अर्धा-पाऊण तास ठेवा, मग शिजवा.

घाई आहे? मग मोहरी घ्या. फेसलेली मोहरी नाकात जाते ना, तेही याच एन्झाइमचं काम. दोघी एकाच कुळातल्या! वाफवलेल्या ब्रोकोलीवर कच्ची मोहरी वाटून चिमूटभर घाला. फोडणीतली चालणार नाही, ती तडतडली की एन्झाइम गेलं.

रक्त पातळ करायची वॉरफॅरिनची गोळी चालू असेल, तर के जीवनसत्त्वामुळे ही भाजी अचानक वाढवू नका, आधी डॉक्टरांना विचारा.

आणि दांडा टाकू नका हो! साल सोला, किसा, दाण्याचं कूट, लिंबू, मीठ. आमच्याकडे ही कोशिंबीर पानात पडायच्या आधीच संपते.