गोव्याचे मांडलिक

(दृश्य: गोवा वेल्हा, जुवारीचा काठ)

अकराव्या शतकात याच काठावर गोपकपट्टण हे बंदर गजबजलेलं होतं. कदंब राजा पहिला जयकेशी याने चांदरहून आपली राजधानी इथे आणली.

कदंब राजे होते, पण मांडलिक. त्यांच्या वर कल्याणीचे, म्हणजे कर्नाटकातल्या आजच्या बसवकल्याणचे, चालुक्य सम्राट. न्यायनिवाडा, सारा, बंदराची जकात, देवळांना जमिनी देणं, हे सगळं कदंबांच्या हाती. सम्राटाला हवी असायची निष्ठा, खंडणी आणि लढाईला फौज. म्हणून मांडलिकांच्या शिलालेखांत आधी सम्राटाची बिरुदं येतात, आणि मग त्याच्या पायाशी राहणारा 'महामंडलेश्वर', म्हणजे मांडलिक राजा.

(दृश्य: कदंबांचं सोन्याचं नाणं, त्यावरचा सिंह)

आता हे नाणं बघा. यावर राजा म्हणतो, मला सप्तकोटीश्वराचा, म्हणजे आमच्या कुलदैवताचा, वरप्रसाद लाभला आहे. चालुक्यांचं नाव कुठेच नाही! मांडलिकत्व म्हणजे गुलामी नव्हे, हे मला कुठल्याही व्याख्येपेक्षा या नाण्याने पटवलं.

पण मोकळीक किती घ्यायची, हे कुठे लिहून ठेवलेलं नसे. दुसरा जयकेशी स्वतःला 'कोंकण-चक्रवर्ती' म्हणवू लागला. चक्रवर्ती तर कल्याणीला बसलेला, सहावा विक्रमादित्य! त्याच विक्रमादित्याचा दुसरा मांडलिक, सिंद घराण्यातला आचुगी, याने गोवे जिंकल्याचं सिंदांच्या शिलालेखात कोरलेलं आहे. एका मांडलिकाला वठणीवर आणायला दुसरा मांडलिक! आणि नातं बघा: जयकेशीची राणी मैललदेवी ही विक्रमादित्याचीच मुलगी. तलवार आणि सोयरीक, दोन्हींनी माणूस बांधून ठेवायचा.

पुढची शतकं अशीच गेली. यादव, बहमनी, विजयनगर, आदिलशाही. धनी बदलत राहिले.

(दृश्य: फोंडा, बांदोडे)

सोंदेकर राजांची, म्हणजे उत्तर कन्नडातल्या सोंदे संस्थानाच्या राजांची, गोष्ट मात्र थांबून सांगायला हवी. विजयनगर बुडालं तेव्हा त्यांनी विजापूरकरांना खंडणी दिली, पुढे मराठ्यांना. वरचा धनी बदलला तरी गादी त्यांचीच राहिली. अठराव्या शतकात हैदर अलीने सोंदे घेतलं आणि राजा पोर्तुगीजांच्या आश्रयाला आला. त्याचा फोंडा महाल, काणकोण, सगळं पोर्तुगीजांकडे गेलं. राजाला राहायला जागा मिळाली, तनखा मिळाला, 'राजा' हा किताबही राहिला. पण सारा वसूल करायला त्याच्याकडे आता एकही गाव नव्हतं, आणि कुणाच्या मदतीला पाठवायला फौजही.