कासव आणण्याआधीचा महिना

उपस्थित पालकहो आणि पुढच्या रांगेत बसलेल्या छोट्या मंडळींनो,

मराठीत ‘कासव’ हा एकच शब्द आहे आणि आपली निम्मी अडचण तिथूनच सुरू होते. कोकणातल्या वेळासच्या किनाऱ्यावर अंडी घालायला येणारे ते कासव, गावाकडच्या विहिरीत पाणी चांगले राहावे म्हणून कधीकाळी सोडलेले तेही कासव, माळावर गवत खात फिरणारे तेही कासव, आणि देवळात गाभाऱ्याकडे तोंड करून बसलेले दगडी तेसुद्धा कासवच. त्यामुळे मूल ‘मला कासव हवे’ म्हणते, तेव्हा आईवडिलांनी आधी विचारायचा प्रश्न ‘कोणते?’ हा असतो, आणि त्याचे बरेचसे उत्तर कायद्याने आधीच देऊन ठेवलेले आहे.

पाठीवर पिवळ्या चांदण्या उमटलेले स्टार कासव मुलांना सर्वांत जास्त आवडते. गुजरात-राजस्थानच्या आणि आंध्र-तमिळनाडूच्या कोरड्या झुडुपी रानांत राहणारा हा प्राणी वन्यजीव संरक्षण कायदा, 1972 याच्या पहिल्या अनुसूचीत, म्हणजे सर्वाधिक संरक्षण असलेल्या प्राण्यांच्या यादीत आहे. तो घरी पाळणे हा गुन्हा असून त्याला किमान तीन वर्षांची कैद होऊ शकते. विहिरीत आणि तळ्यात सापडणाऱ्या आपल्या मऊ पाठीच्या कासवालाही तेच संरक्षण आहे. कोणी ‘साहेब, सगळे ठेवतात, काही होत नाही’ असे सांगून पिशवीतून स्टार कासव काढून दाखवले, तर ते कासव बहुधा रानातून पकडून आणलेले असते, आणि 2019 साली या जातीचा आंतरराष्ट्रीय व्यापार जवळजवळ पूर्ण बंद करावा लागला तो याच पिशव्यांमुळे. घरात कासव आले की लक्ष्मी येते, या समजुतीवर हा धंदा बराच चालतो. ज्यांना तशी श्रद्धा आहे त्यांनी पितळी कासव आणावे. त्याला दिवाही लागत नाही आणि फिल्टरही.

परदेशी जमिनीवरच्या कासवांपैकी आफ्रिकेतले सुलकाटा अलीकडे शहरांत विकायला दिसते. पिल्लू तळहातावर मावते, पण मोठा नर चाळीस-पन्नास किलोंचा होतो आणि जमीन उकरून लांबच लांब बिळे करतो. शिवाय ज्यांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर निर्बंध आहेत, अशा यादीतल्या प्राण्यांची 2024 च्या नियमांनुसार केंद्र सरकारच्या ‘परिवेश’ पोर्टलवर नोंदणी करावी लागते. सदनिकेत राहणाऱ्या कुटुंबाने या वाटेला जाऊच नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

उरते ते मत्स्यालयाच्या दुकानात प्लास्टिकच्या डबीत, खोट्या माडाच्या झाडाखाली बसलेले, पाच रुपयांच्या नाण्यापेक्षा थोडे मोठे हिरवे पिल्लू. डोळ्यामागे लाल पट्टा असतो म्हणून त्याला रेड इअर्ड स्लायडर म्हणतात. त्याचे मूळ घर अमेरिकेत, मिसिसिपी नदीच्या खोऱ्यात. हे पाण्यातले कासव आहे. आजच्या बोलण्याचा उरलेला भाग प्रामुख्याने याच्याविषयी आहे. ते आणण्यापूर्वी कागदपत्रांबाबत सध्याचा नियम काय आहे, हे जवळच्या वनविभागाच्या कार्यालयात जाऊन विचारावे. दुकानदाराच्या तोंडी खात्रीवर विसंबू नये.

मी पशुवैद्य असलो तरी माझी सारी उमेदवारी गाई-म्हशींवर झालेली आहे, आणि त्या घमेंडीत मी मुलीसाठी असेच एक पिल्लू डबीसकट घरी आणले होते. दुकानात सांगितले होते की रोज चिमूटभर सुकी कोळंबी टाका, बाकी काही लागत नाही. दीड महिन्यात त्याच्या दोन्ही पापण्या हरभऱ्याच्या डाळीसारख्या फुगून बंद झाल्या. दिसेना म्हणून ते खाईना, आणि खाईना म्हणून आणखी खंगले. जीवनसत्त्व ‘अ’ कमी पडल्याचे ते लक्षण होते. पाठीचे कवच अंगठ्याखाली किंचित दबत होते, म्हणजे कॅल्शियमही पुरत नव्हते. कवच ही काही पाठीवर घातलेली पेटी नव्हे. बरगड्या आणि कणा मिळून बनलेले ते त्याचे हाडच आहे. ते पिल्लू वाचले नाही. मुलगी तेव्हा सात वर्षांची होती, आणि तिने विचारलेला ‘तू डॉक्टर आहेस ना?’ हा प्रश्न माझ्या अजून लक्षात आहे.

म्हणून माझा आग्रह असा की कासव आणण्याआधी महिनाभर टाकी आणावी. काचेच्या टाकीत पाणी भरून, फिल्टर आणि दिवे चालू करून ती रिकामीच चालवावी. याला शास्त्रीय कारण आहे: कासवाच्या विष्ठेतून तयार होणारा अमोनिया पचवणारे जिवाणू फिल्टरमध्ये वस्तीला यायला काही आठवडे लागतात, आणि टाकीत चिमूटभर खाद्य कुजत ठेवले की त्यांना सुरुवातीचा शिधा मिळतो. दुसरे कारण घरगुती आहे. मुलाच्या हाती एक वही द्यावी आणि रोज सकाळ-संध्याकाळ पाण्याचे व दिव्याखालच्या जागेचे तापमान तिच्यात लिहायला सांगावे. पाणी साधारण 24 ते 27 अंश आणि बसायची कोरडी जागा 30 ते 33 अंश असायला हवी. मुंबईत हे फारसे अवघड नाही, पण पुण्या-नाशिकच्या डिसेंबरातल्या पहाटे पाण्याचा काटा किती खाली येतो, ते मुलाच्या अक्षरात दिसले की हीटर का लागतो हे कुणी समजावून सांगावे लागत नाही. तिसऱ्या आठवड्यात वही कोरी राहू लागली, तर ती गोष्टही कासव येण्याआधी कळलेली बरी.

टाकीचा आकार हा सर्वांत दुर्लक्षित विषय आहे. कवचाच्या प्रत्येक सेंटिमीटरला सुमारे पंधरा लिटर पाणी, असा ढोबळ हिशेब पाळणारे धरतात. मादीचे कवच पंचवीस सेंटिमीटरपर्यंत, कधी त्याहूनही अधिक वाढते, म्हणजे पावणेचारशे लिटर पाणी आणि तितक्याच किलोंचा भार. तो दिवाणखान्याच्या मधोमध न ठेवता भिंतीलगत, तुळईजवळ ठेवावा लागतो. नर लहान राहतो, त्याची पुढच्या पायांची नखे लांबलचक असतात, मात्र पिल्लू असताना नर-मादी ओळखता येत नाही. जोडी आणण्याचा मोह टाळावा. कासवाला एकटेपणा जाणवत नाही, पण चावे घेणारा शेजारी नक्की जाणवतो.

उजेडाबाबत एक चूक मी वारंवार पाहतो. ‘आमची टाकी खिडकीत आहे, भरपूर ऊन येते,’ असे पालक सांगतात. हाडांसाठी लागणारे जीवनसत्त्व ‘ड’ तयार करणारे यूव्हीबी किरण, म्हणजे उन्हातले एक प्रकारचे अतिनील किरण, खिडकीची काच अडवते. आत येतो तो नुसता उजेड आणि उकाडा. त्यासाठी खास यूव्हीबी दिवा लावावा लागतो, आणि तो पेटत असला तरी सहा ते बारा महिन्यांनी बदलावा लागतो, कारण डोळ्यांना दिसणारा प्रकाश तसाच राहून किरण मात्र ओसरतात. कोवळ्या उन्हात बादलीत किंवा टबात काही वेळ ठेवणे उत्तम, पण टबाचा अर्धा भाग सावलीत हवा. काचेची टाकी उन्हात कधीही ठेवू नये.

खाण्याविषयी थोडक्यात सांगतो. पिल्लाला रोज, मोठ्याला दोन-तीन दिवसांतून एकदा; मुख्य आहार कासवांसाठीच्या चांगल्या गोळ्यांचा, आणि वय वाढेल तसा हिरव्या पाल्याचा वाटा जास्त. पालकाची भाजी नको, कारण ती कॅल्शियम अडवून धरते. सुकी कोळंबी फरसाणासारखी अधूनमधून चालेल.

लहान मुलांच्या आईवडिलांना एक गोष्ट निक्षून सांगायची आहे. निरोगी दिसणाऱ्या कासवाच्या अंगावरही साल्मोनेला हे जुलाब-ताप आणणारे जिवाणू असू शकतात. मुले लहान कासवे तोंडात घालतात आणि आजारी पडतात म्हणून अमेरिकेने 1975 साली चार इंचांहून लहान कासवांच्या विक्रीवर बंदी घातली. घरात पाच वर्षांखालचे मूल असेल तर थांबावे. इतरांनी हात लावल्यावर साबणाने हात धुवावेत, आणि टाकीचे पाणी स्वयंपाकघराच्या बेसिनमध्ये ओतू नये.

आता निवडीकडे परत येतो. माझा सल्ला दुकानातले पिल्लू न घेण्याचा आहे. पिल्लू म्हणून आणलेली आणि चार-पाच वर्षांत टाकीत मावेनाशी झालेली स्लायडर प्रत्येक मोठ्या शहरात नवे घर शोधत असतात. प्राणिमित्र संस्थांकडे विचारले तर अशी कासवे मिळतात. त्यांचा आकार, लिंग आणि स्वभाव आधीच दिसलेला असतो. पाहायला जाल तेव्हा डोळे उघडे व स्वच्छ आहेत ना, कवच टणक आहे ना, आणि पोहताना ते एका अंगावर कलत नाही ना, हे बघा. कलणारे कासव बहुतेकदा न्यूमोनियाने आजारी असते.

या कासवांना घर मिळाले नाही की लोक काय करतात, हे आपणांपैकी काहींना ठाऊक असेल. रात्री तलावावर किंवा देवळाच्या कुंडावर जाऊन, हात जोडून, ते पाण्यात सोडतात आणि पुण्य केल्याच्या समाधानात घरी येतात. जगातल्या शंभर सर्वांत उपद्रवी परक्या जातींच्या यादीत स्लायडर आहे. आपल्या कासवांची ऊन खायची जागा आणि अन्न ते बळकावते. म्हणून वहीच्या पहिल्या पानावर, तापमानाच्या रकान्यांच्याही आधी, एक ओळ लिहून ठेवा. हे कासव तीस वर्षे जगू शकते. आज दहा वर्षांची असलेली मुलगी आठ वर्षांनी शिकायला बाहेरगावी जाईल, तेव्हा टाकी कोण धुणार, त्या माणसाचे नाव तिथे असू द्या, आणि ते नाव लिहिण्यापूर्वी त्या माणसाला विचारा.