न दाखवलेली मेजवानी

[पडद्यावर : रात्रीचं पॅरिस. एका उंची फ्लॅटची खिडकी, पलीकडे आयफेल टॉवर.]

ही एका फ्रेंच विनोदी चित्रपटाची गोष्ट. दर बुधवारी पॅरिसमधले काही श्रीमंत मित्र जेवायला जमतात. खेळ ठरलेला असतो. प्रत्येकाने सोबत एक मूर्ख घेऊन यायचं, त्याला बोलतं करायचं आणि तो गेल्यावर कोणाचा मूर्ख अव्वल निघाला याचा निकाल लावायचा.

प्रकाशक पिएर ब्रोशांच्या हाती या वेळी अस्सल माल लागलाय. फ्रान्स्वा पिन्यों. सरकारच्या अर्थखात्यात नोकरी, आणि छंद आगपेटीच्या काड्या चिकटवून पूल-मनोरे बांधण्याचा. कशाला किती काड्या लागल्या, हे तो कुणी न विचारताच सांगतो.

पण ऐन वेळी ब्रोशांच्या कमरेत उसण भरते. मेजवानीला जाणं रद्द. आणि पिन्यों दारात हजर.

पुढे जे होतं ते बहुतेक त्या एका फ्लॅटमध्येच. बायको घर सोडून गेलेली, ब्रोशां सोफ्यावर आडवा, आणि पिन्यों मनापासून मदत करतोय. तो फोन उचलतो आणि घोळ घालतो. बायको कोण आणि प्रेयसी कोण, यातच गल्लत करतो. शेवटी बायकोचा माग काढण्यासाठी तो आपल्या ओळखीच्या माणसाला घरी बोलावतो. तो नेमका कर निरीक्षक निघतो! कर बुडवणाऱ्या ब्रोशांची महागडी चित्रं घाईघाईने लपवावी लागतात. उंची वाइन हलकी वाटावी म्हणून तिच्यात व्हिनेगर ओततात, तर ती आणखीच फर्मास लागते.

हा 1998 चा 'ल दिने द कों', म्हणजे 'मूर्खांची मेजवानी'. फ्रान्सिस व्हेबेरने आपल्याच नाटकावरून केलेला, जेमतेम 80 मिनिटांचा. फ्रान्समध्ये त्याची 90 लाखांहून अधिक तिकिटं खपली. आणि ज्या मेजवानीवरून चित्रपटाला नाव मिळालं, ती मेजवानी यात एकदाही दिसत नाही. मूर्खाची फजिती बघायला आलेला प्रेक्षक 80 मिनिटं हुशार माणसाची फजिती बघतो.

[पडद्यावर : लॉस एंजेलिसच्या उंच काचेच्या इमारती.]

2010 मध्ये हॉलिवूडने हीच गोष्ट घेतली. 'डिनर फॉर श्मक्स'. स्टीव्ह करेलचा बॅरी काड्यांऐवजी मेलेल्या उंदरांना कपडे चढवून देखावे मांडतो, आणि ते देखावे खरंच सुंदर आहेत. पण पॉल रडचा नायक ब्रोशांसारखा नीच नाही. बिचाऱ्याला बढती हवी आहे, मैत्रिणीशी लग्न करायचं आहे, हा खेळ त्याला मनातून पटतही नाही. दुष्टपणा सगळा साहेबाच्या खात्यावर टाकलाय. मग अद्दल घडवायची कोणाला? म्हणून अखेरीस मेजवानी दाखवावी लागते, तीही झाडून सगळ्या विक्षिप्त पाहुण्यांसकट. गोंधळ भरपूर आहे, पण फासा उलटत नाही.

मुंबईने मात्र हे बरोबर ओळखलं होतं. 2007 च्या 'भेजा फ्राय'मध्ये रजत कपूरचा संगीत कंपनीवाला पाठ धरून घरात अडकतो आणि विनय पाठकचा भारत भूषण त्याच्या डोक्याचा भुगा करतो. काड्यांच्या जागी गाणी आली. दिवाणखाना तोच राहिला, आणि मालकाची लबाडीही.

हॉलिवूडने व्हेबेरची धार बोथट करणं आधीही घडलं होतं. 1976 च्या 'ल झुए'मध्ये एका वृत्तपत्राच्या धनाढ्य मालकाचा मुलगा दुकानातून खेळणं म्हणून चक्क पत्रकारच उचलतो. शेवटी मुलगा बापाला सोडून त्या पत्रकाराला बिलगतो. 1982 च्या अमेरिकन 'द टॉय'मध्ये हे खेळणं म्हणजे रिचर्ड प्रायर. गोऱ्या धनिकाने पोरासाठी कृष्णवर्णीय माणूस विकत घ्यायचा! अमेरिकेत याहून धारदार विषय कुठला? पण शेवट बापलेकांच्या मनोमीलनाचा. धार गेली ती गेलीच.

तरी फ्रेंच चित्रपटांच्या हॉलिवूड रिमेकना सरसकट नाकं मुरडू नका. 1987 मध्ये अमेरिकेत सर्वाधिक कमाई केलेला चित्रपट होता 'थ्री मेन अँड अ बेबी', म्हणजे कोलीन सेरोच्या दोन वर्षं आधीच्या फ्रेंच विनोदी चित्रपटाचा रिमेक.

[पडद्यावर : मायामीचा साउथ बीच, निऑन दिवे.]

आणि माझ्या मते सगळ्यांत सरस 'द बर्डकेज', 1996 चा. मूळ 1978 चा 'ला काज ओ फोल'. मुलाचं लग्न ठरतंय, नाइटक्लब चालवणारा समलिंगी बाप आणि त्याचा जोडीदार व्याह्यांसमोर सोवळं सोंग वठवतायत. फ्रेंच चित्रपटातले व्याही नैतिकतेचे ठेकेदार असलेले राजकारणी. दिग्दर्शक माइक निकल्स आणि लेखिका इलेन मे यांनी गाव बदललं, पण व्याह्याला चांगुलपणा बहाल केला नाही. तो रिपब्लिकन सेनेटर झाला. बाहेर पत्रकारांचा गराडा पडतो तेव्हा जीन हॅकमनच्या या सेनेटरला विग, लिपस्टिक आणि बायकी झगा चढवून त्याच क्लबमधून नाचत बाहेर पडावं लागतं.